सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद, एवढं तरी छापा

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही दोन दिवसांत छत्रपती संभाजीनगर कसं बघावं याचं अख्खं पान दिलं होतं. फोटो झकास होते. पहिल्या दिवशी आठ ठिकाणं अन् दुसऱ्या दिवशी अजिंठा, तेही वेळेसकट, 9 ते 11 वेरूळ, 11 ते 11.30 घृष्णेश्वर, 11.45 भद्रा मारुती असं. वाचून हसावं का रडावं कळेना. कारण याच पानाचा सख्खा भाऊ शोभावा असा एक प्लॅन आमच्या नंदईंनी मागच्या दिवाळीत मोबाईलवर आणला होता अन् त्याच्यावर भरवसा ठेवून आम्ही सात माणसं एका गाडीत बसलो होतो.

काय झालं ते सांगते. नणंद पुण्याची, भाऊबीजेला सेलूला आली, भाचीला इतिहासात वेरूळ-अजिंठ्याचा धडा होता म्हणून म्हणली चला यंदा दाखवूनच टाकू. नंदईंनी गाडी ठरवली, पहाटे पाचला निघालो, जालन्याला चहा घेतला, दहाच्या आसपास वेरूळला पोचलो तर पार्किंगमधे गाड्या आत जायच्या ऐवजी वळून बाहेर येऊ लागलेल्या. मला वाटलं काहीतरी मंत्री-बिंत्री आला असंल. तर गेटवरचा माणूस म्हणला, ताई आज मंगळवार. एवढंच. आज मंगळवार, म्हणजे तुम्हाला माहीत पाहिजे होतं. तिथं आमच्यासारखी पन्नास-साठ माणसं तरी होती, नाशिकची, सोलापूरची, एक तर कर्नाटकातलं कुटुंब, सगळे बंद गेटकडं तोंड करून उभे. अन् गेटसमोर एक पोरगा कैलास लेण्याच्या फोटोंचं पाकीट विकत होता. भाचीनं ते घेतलं. कैलासापासून हाकेच्या अंतरावर उभं राहून तिनं कैलास फोटोत पाहिला, अन् मग दिवसभर गाडीत ते फोटो उलटसुलट करत बसली. नंदई गप्प, नणंद त्यांच्याकडं बघंना, ड्रायव्हर शांतपणे म्हणतो मला वाटलं तुम्हाला माहितीय, तुम्ही देवदर्शनाला निघालात.

बरं हेच कुणी आदल्या दिवशी सांगितलं असतं तर नुस्तं उलटं करायचं होतं, मंगळवारी अजिंठा अन् बुधवारी वेरूळ, एक रुपया जास्त लागला नसता. अजिंठा सोमवारी बंद असतो अन् वेरूळ मंगळवारी, हे आजचं थोडंच आहे, कैक वर्षांपासून असंच चालू आहे. आम्ही दोनशे किलोमीटरच्या आत राहणारी माणसं, मी तर मास्तरीण, अन् मला हे ठाऊक नव्हतं याची लाज वाटली ती वेगळीच.

आता तुम्ही म्हणाल बाई तुम्ही शिक्षिका, शाळेच्या सहलीला गेल्या असताल की. गेलेय ना, सात वेळा गेलेय. पण शाळेची सहल म्हणजे काय असतं ते एकदा पत्रकार लोकांनी येऊन बघावं. लाल डब्यात पंचेचाळीस पोरं, पुऱ्या अन् शेंगदाण्याची चटणी, दोन जणं उलटी करणारे, एक जण हरवणारा. मी सात वेळा वेरूळला पोरं मोजली, लेणी नाही. सहलीला वार बघायचं काम हेडमास्तरांकडं असायचं म्हणून आम्ही कधी फसलो नाही अन् म्हणूनच मला कधी कळलंही नाही. अन् शहर? शहर म्हणजे मकबऱ्याच्या दारात फोटो, पाणचक्कीवर पाणी प्यायचं अन् बसस्टँडवर परत. आमच्या सगळ्या मराठवाड्याचं हेच आहे बघा, कोर्टाचं काम, दवाखाना, पोराची अॅडमिशन, लग्नाचा बस्ता याच्यासाठी आपण त्या शहरात शंभर वेळा जातो अन् बघायला एकदाही जात नाही.

त्या मंगळवारचं पुढचं थोडक्यात सांगते कारण मलाच आठवायला नको वाटतं. वेरूळ बंद म्हणून सगळी गर्दी घृष्णेश्वराला, दोन तास लाईन, तिथं गाभाऱ्यात पुरुषांना अंगातला शर्ट-बनियन काढूनच जावं लागतं हे नंदईंना माहीत नव्हतं, त्याच्यावरून थोडं झालं. मग खुलताबाद घाईघाईत. मग भर दुपारी दौलताबादचा किल्ला, सासूबाई बहात्तर वर्षांच्या, गुडघे गेलेले, त्या खालीच चाँद मिनाराच्या सावलीत बसल्या अन् माकडानं त्यांच्या हातातली केळ्याची पिशवी नेली. जेवण साडेतीनला ढाब्यावर, पनीर बटर मसाला अन् रबरासारखी रोटी, जी सेलूच्या बायपासवर पण मिळते. मकबऱ्याला पोचलो तेव्हा भाची गाडीतच झोपलेली. आठातली सहा ठिकाणं झाली, यादीवर टिकमार्क झाले, अन् बघितलं काय म्हणाल तर एकमेकांचे तोंडं.

तर या सगळ्याचा राग मनात धरून मी जानेवारीत परत जायचं ठरवलं अन् यावेळी प्लॅन मी केला. नंदईंना ऑफिस होतं म्हणे. तो प्लॅन जसा झाला तसा लिहिते, तुमच्या पुरवणीवाल्यांना कामाला येईल.

पहिलं म्हणजे वार. आम्ही रविवारी निघालो, सोमवारी वेरूळ अन् मंगळवारी अजिंठा. दोन्ही दिवशी दुसरं बंद अन् आपलं चालू, शिवाय शनिवार-रविवारची पुण्या-मुंबईची गर्दी गेलेली. मला तीन किरकोळ रजा टाकाव्या लागल्या, त्या गेल्याचं दुःख नाही. अन् ज्यांना शनिवार-रविवारच जमतंय त्यांनीही जावं, दोन्ही चालूच असतं, फक्त गर्दीची तयारी ठेवावी. घोळ फक्त सोमवार-मंगळवारचाच अन् नेमकी सुट्टी जोडून घेणारी माणसं त्याच्यातच सापडतात.

दुसरं म्हणजे प्रवास. आम्ही सेलूहून सकाळची मराठवाडा एक्स्प्रेस धरली, नणंद अन् भाची पुण्याहून एसटीनं आल्या. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरच्या पुढच्यांना तर फुकटच, सासूबाईंना अजून तीन वर्षं थांबावं लागंल म्हणून त्या दर वेळी कंडक्टरवर चिडतात. रिक्षाचं मात्र आधी ठरवून घ्यावं, बसल्यावर नाही. वेरूळला जायला मध्यवर्ती बसस्थानकावरून कन्नड, चाळीसगावकडच्या गाड्या आहेत, अजिंठ्याला सिल्लोडवरून जळगावकडं जाणाऱ्या. आम्ही वेरूळला एसटीनं गेलो अन् अजिंठ्याला सासूबाईंसाठी गाडी केली.

रविवारी दुपारी फक्त दोनच ठिकाणं ठेवली. पाणचक्की अन् मकबरा. पाणचक्कीवर मी सात वेळा पाणी प्यायलेय पण ते पाणी येतं कुठून हे कधी विचारलं नव्हतं. डोंगरातल्या झऱ्यावरून जमिनीखालून मातीच्या नळातून आणलंय, अन् वरून पडणाऱ्या पाण्यावर चक्की फिरून दर्ग्यावरच्या फकिरांचं अन् वाटसरूंचं पीठ निघायचं. बाबा शाह मुसाफिरांचा दर्गा तिथंच आहे. अन् शहराला असं नळानं पाणी खेळवायची सुरुवात केली मलिक अंबरनं, नहर-ए-अंबरी म्हणतात ती. हबशी माणूस, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला अन् 1610 मधे त्यानं खडकी नावाच्या गावाचं शहर केलं. तेच पुढं औरंगजेबानं 1653 पासून औरंगाबाद केलं अन् 2023 मधे छत्रपती संभाजीनगर झालं. आमच्या सासूबाई म्हणल्या, चारशे वर्षांपूर्वी नळाला पाणी होतं, अन् आता? मी म्हणलं आई हळू बोला, लोक ऐकायलेत. ज्यांच्या घरी आठ-आठ दिवसांनी नळ येतो त्यांना हा विषय सांगायला नको.

मकबरा संध्याकाळी ऊन उतरल्यावरच बघावा असं माझं स्पष्ट मत झालंय. दुपारी तो नुस्ता पांढरा दिसतो, डोळे दुखतात. साडेपाचला मागच्या डोंगराचा रंग बदलायला लागला की त्याचाही बदलतो. गरिबांचा ताज, डुप्लिकेट ताज असं म्हणून लोक तोंड वाकडं करतात ते मला पटत नाही. औरंगजेबाची बायको दिलरस बानू, तिची ती कबर, 1660 च्या आसपासची, अन् बांधणारा अताउल्ला हा ताजमहाल बांधणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरीचाच मुलगा. म्हणजे नक्कल म्हणायची तर घरच्याच माणसानं केलीय. भाचीला मी एक काम दिलं, भिंतीला हात लाव अन् सांग कुठं गार लागतं अन् कुठं नाही. कमरेइतक्या उंचीपर्यंत संगमरवर, त्याच्यावर काळ्या दगडावर गुळगुळीत गिलावा, अन् परत घुमटाला संगमरवर. पैसे कमी होते बघ, ती म्हणली. अख्ख्या धड्यात तिला जे कळलं नव्हतं ते हाताला कळलं. आपल्या सहलीत पोरांना हेच करायला सांगायला पाहिजे होतं असं मला तेव्हा सात सहलींचं वाईट वाटलं.

सोमवारी पहिल्या गाडीनं वेरूळ. इथं एक सांगते, लेणी एक नंबरपासून ओळीनं बघायला जाऊ नका. एकूण 34 आहेत, 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन. ओळीनं निघाल्यावर सोळा नंबरला येईस्तोवर माणूस दमतो अन् तोवर तिथं सहलीच्या बस आलेल्या असतात. सरळ सोळा नंबर, कैलास. आम्ही गेलो तेव्हा आत वीसेक माणसं होती. कबुतरांचा आवाज येत होता. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठवं शतक, वरून खाली कोरत आलेत, आधी कळस मग पाया, हे आपण शाळेत शिकवतो पण तिथं अंगणात उभं राहून वर बघितलं की शंभरेक फुटांची उभी कातळाची भिंत तिन्ही बाजूंनी अंगावर येते, तेव्हा कळतं की हे सगळं आधी भरलेलं होतं. सासूबाई मंदिराच्या जोत्याला जे हत्ती कोरलेत ना, त्यातल्या एकाच्या मोडक्या सोंडेवरून हात फिरवत बऱ्याच वेळ उभ्या होत्या. मग दक्षिणेच्या अंगाला रावण खालून कैलास हलवतो ते शिल्प, पार्वती घाबरून शंकराला धरते अन् शंकर नुस्ता अंगठ्यानं दाबतो. सासूबाई म्हणल्या, याला म्हणतात नवरा. आमचे हे लगेच पुढच्या लेण्याकडं गेले.

कैलासाच्या शेजारून डोंगरावर एक पायवाट जाते, ज्यांचे गुडघे चांगलेत त्यांनी जावं, वरून सगळं देऊळ खड्ड्यात ठेवल्यासारखं दिसतं. नंतर दहा नंबर बघावं, छताला लाकडाच्या फासळ्यांसारखं कोरलंय म्हणून त्याला सुतार की झोपडी म्हणतात, अन् जैन लेण्यातलं 32 नंबर, इंद्रसभा. बस. बाकीची वेळ असंल तर. लेण्यांचं तिकीट आम्ही काढलं तेव्हा 40 रुपये होतं, 15 वर्षांखालच्या लेकरांना तिकीट नाही.

परत येताना दौलताबाद. यावेळी तीनच्या पुढं चढलो, थंडीचे दिवस म्हणून जमलं, उन्हाळ्यात कुणी दुपारी सांगितलं तर ऐकू नका, इकडं एप्रिल-मेमधे पारा चाळिशीच्या पुढं असतो अन् दगड रात्रीपर्यंत गार होत नाही. यादवांची देवगिरी, 1296 ला अल्लाउद्दीन खिलजी आला, 1327 ला मुहम्मद तुघलकानं दिल्ली उचलून इथं आणली, शेवटचा कुतुबशहा तानाशहा इथं चिनी महालात कैदेत पडला होता. अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत, आमच्या पोराला मोबाईलचा टॉर्च लावू दिला नाही, आधी पाच मिनिटं अंधारात उभं केलं, वटवाघळांचा वास अन् हात भिंतीला. त्याला अजून तेवढंच आठवतं. दौलताबादच्या रस्त्यात ते जुनं अरुंद दिल्ली गेट लागतं, एकेक गाडी निघते, तिथं अर्धा तास जायचा तो जातोच, तेवढ्यात पेरू घेऊन खावे. दिवाळीच्या सुमाराला सीताफळं असतात. अन् जानेवारी होता म्हणून त्या रस्त्यावर हुरडा पार्टीच्या पाट्या लागलेल्या, एका शेतात गेलो. आगटीभोवती बसून गरम हुरडा, दही, गूळ, शेंगदाण्याची चटणी, बोरं. आमच्या घरचाच हुरडा असताना पैसे देऊन हुरडा खायचा म्हणून आमचे हे कुरकुरत होते, पण सगळ्यात जास्त तेच बसले.

मंगळवारी अजिंठा. शंभर किलोमीटर आहे, लवकर निघावं. फर्दापूर फाट्यावर आपली गाडी सोडून तिथल्या बसनं चार किलोमीटर आत जावं लागतं, हे पण तुमच्या पानात नव्हतं. पायऱ्या आहेत, सासूबाईंना डोली केली, त्या आधी नको नको म्हणल्या अन् नंतर वरून सगळ्यांना हात करत गेल्या. चित्रांच्या लेण्यात अंधार असतो, फ्लॅश मारू देत नाहीत, बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर लगेच काही दिसत नाही. लोक तेवढ्यातच बाहेर येतात, काही दिसलं नाही म्हणत. एक नंबरच्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर दोन मिनिटं गप उभं राहावं, मग आधी मुकुट दिसतो, मग खाली बघणारे डोळे, मग हातातलं निळं कमळ. 1, 2, 16, 17, अन् शेवटी 26 मधला महापरिनिर्वाणाचा आडवा बुद्ध. जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या वेळी 1819 मधे ही दिसली म्हणतात, खालच्या गावांना ती आधीही माहीत असणारच की, पण असो. पावसाळा संपता संपता आलात तर वाघोरा नदीला पाणी असतं अन् धबधबाही.

आता मुद्द्याचं, बुधवारची सकाळ. ही सकाळ तुमच्या प्लॅनमधे नाहीच, अन् माझ्या मते यासाठीच एक मुक्काम जास्त करावा. जुन्या शहरात चालत फिरलो. बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात, आता थोडेच उरलेत, पण उरलेल्यांतून अजून रिक्षा जातात. पोरांनी दरवाजे मोजायचे ठरवलं. भडकल दरवाजा मलिक अंबरनं मोगलांवरच्या विजयाचा म्हणून 1612 मधे बांधला, तो सगळ्यात थोरला. गुलमंडी, मछलीखडक, सिटी चौक, शहागंजचं घड्याळ. राजाबाजारात संस्थान गणपती, शहराचं ग्रामदैवत, सासूबाईंना तिथं सोडलं अन् आम्ही खाण्याच्या मागं लागलो, कारण त्या माळकरी.

नान खलिया हा या शहराचा पदार्थ. तुघलकाच्या लष्करासाठी एकदम शेकडो माणसांचं रांधायचं म्हणून तो निघाला अशी गोष्ट सांगतात. लष्कराचं देव जाणे, पण नान एवढी मोठी की एकीत दोन माणसं जेवावीत. गल्लीतली एक भट्टी बघितली. एक म्हातारे चाचा नुस्त्या हातानं नान तंदूरमधे खाली वाकून चिकटवत होते, डोकं जवळजवळ आत, अन् शेजारचा पोरगा निघालेल्या नानवर पिवळं पाणी फडक्यानं फिरवत होता, त्यानं ती चकाकते. चाचांच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत केस नव्हते, सगळे जळालेले. आमचे हे विचारतात, चाचा किती वर्षं झाली, तर ते म्हणले गिना नहीं, पहले गरम गरम खाओ. खलिया म्हणजे मटणाचा तिखट पातळसर रस्सा, वर लाल तर्री, नान त्याच्यात मोडून भिजवायची, तुकडा मऊ होतो पण फुटत नाही. आमच्याकडचं काळ्या मसाल्याचं मटण वेगळं अन् हे वेगळं, तुलना करू नये. ज्यांना चालत नाही त्यांनी गुलमंडीवर इमरती खावी. जिलेबीची बहीण पण उडदाच्या डाळीची, नक्षी जास्त, चावल्यावर जिलेबीसारखी कुरकुरत नाही, पाक आत धरून ठेवते. सासूबाईंसाठी गरम पाव किलो नेली. त्या म्हणल्या एकच, अन् मंदिराच्या ओट्यावर बसून तीन खाल्ल्या. जेवण झाल्यावर उस्मानपुऱ्यात तारा पान, ते सगळ्यांना माहितीच आहे.

हिमरू, म्हणजे इथलं सूत-रेशमाचं विणलेलं कापड, अन् पैठणी यांचं एवढंच सांगते की आधी पदर उलटा करून बघा. हातमागाची पैठणी उलट्या बाजूनंही तशीच दिसते, मागं धागे लोंबत असतील तर पैसे त्याच हिशेबानं द्या. नणंदेनं हिमरूची शाल घेतली. मी नाही घेतली, महिना अखेर होती.

अजून एक जागा राहिली, ती पुढच्या वेळी, म्हणजे मकबऱ्याच्या मागच्या डोंगरातली संभाजीनगरची लेणी. शहरात राहून तिथं न गेलेली माणसं मला रोज भेटतात.

एवढं लांबण लावलं त्याचं कारण एकच मागणी आहे. तुमच्या पेपरात रोज पहिल्या पानावर कोपऱ्यात जायकवाडीचा साठा टक्क्यात असतो, सोन्याचा भाव असतो, सूर्योदय-सूर्यास्त असतो. आम्ही सगळे तो कोपरा आधी बघतो, सासूबाई तर पेपर तेवढ्यासाठीच मागतात. त्याच्याखाली रविवारी अन् सोमवारी दोन ओळी टाका. उद्या सोमवार, अजिंठा बंद. उद्या मंगळवार, वेरूळ बंद. जागा अर्ध्या बोटाची लागंल. दिवाळीत अन् मे महिन्यात तर टाकाच. अन् पुरवणीत असा प्लॅन परत छापणार असाल तर छापायच्या आधी एखाद्या बहात्तर वर्षांच्या बाईला घेऊन एकदा तो करून बघा. आमच्या सासूबाई तयार आहेत, फक्त इमरती ठरलेली पाहिजे म्हणतात.

आपली नियमित वाचक,
एक जि.प. शिक्षिका, सेलू, जि. परभणी